खाली ठेवता न येणारे काका

उचललेली वस्तू खाली ठेवता न येणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच होता, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता. काचीगुड्याच्या आमच्या घराच्या वरच्या मजल्यावरचे हे काका. कारखान्याने त्यांना स्वेच्छानिवृत्ती घ्यायला लावली आणि त्याच सुमारास घरोघरी केबल आली. केबलवर रोज सकाळी एक परदेशी पैलवान वजनं उचलायला शिकवायचा. काकांनी त्याला गुरू केलं. घरात वजनं कुठली असायला! तांदळाचं पोतं होतं. पैलवान दाखवायचा तसे काका लुंगी खोचून, पाय फाकवून उभे राहायचे, गुडघे वाकवून, पाठ ताठ ठेवून पोतं छातीशी धरून उठायचे, आणि त्याच घटकेला करंट जायचा, टीव्ही बंद पडायचा. आमच्या भागात तो रोज त्याच वेळी जायचा. त्यामुळे उचलणं काकांना उत्तम आलं, ठेवण्याचा धडा मात्र त्यांनी कधी पाहिलाच नाही.

मग जिन्यातून हाक यायची, "अरे, जरा वर ये की बाबा!" दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून मी वर जायचो आणि पोतं उतरवून घ्यायचो. व्यायाम त्यांचा, कंबर माझी. कचेरीत पोहोचेपर्यंत माझा दिवस संपलेला असायचा. एकदा वैतागून म्हणालो, "काका, जसं उचललंत त्याच्या उलट करायचं, झालं!" पोत्याआडून उत्तर आलं, "उगं अंदाजानं काही करायचं नाही बघ. उद्या पोत्याच्या जागी तुझी काकू असणार."

अर्धांगवायूचा झटका आल्यापासून काकू जिना उतरल्या नव्हत्या. परक्या पुरुषांनी उचललेलं त्यांना चालत नव्हतं, आणि त्या बाबतीत मीही परकाच. पण नामपल्लीचं दरवर्षी भरणारं प्रदर्शन त्यांना पुन्हा पाहायचं होतं. लग्न झाल्यापासून आजारी पडेपर्यंत ते त्यांनी कधी चुकवलं नव्हतं. "तिथली मिरची भजी खाताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, ते बघायचंय मला," असं त्या म्हणायच्या.

थंडीत प्रदर्शन सुरू झालं आणि एका दुपारी काकांनी काकूंना उचललं. ते एकेक पायरी उतरत होते, काकू "हल्लू, हल्लू" म्हणत होत्या, आणि मी त्यांच्यापुढे उलटा चालत होतो. हात माझे रिकामे, पण घाम मलाच फुटला होता. खाली ऑटोपाशी काका थांबले. सवयीने मी हात पुढे केले. "नक्को," काका म्हणाले, "ठेवतो मी." त्यांनी गुडघे वाकवले आणि काकूंना जराही हिसका न बसू देता सीटवर ठेवलं. काकू पदर सारखा करत म्हणाल्या, "एवढं येत होतं, तर त्या पोराला रोज कशाला दमवलंत?"

पुढच्या वर्षीही काकूंनी प्रदर्शन पाहिलं. त्यानंतर मात्र त्या गेल्या आणि वरून हाक येणं बंद झालं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण साबण लावलेल्या तोंडाने मी जिन्याकडे कान देऊन उभा राहायचो, आणि फार वाईट वाटायचं.

एका सकाळी न बोलावताच वर गेलो. पोतं कोपऱ्यात होतं. त्या दिवशी कधी नव्हे तो करंट गेला नव्हता, आणि पडद्यावर पैलवान वजन अलगद खाली ठेवत होता. काकांचं तिकडे लक्ष नव्हतं.

"काका, काही उतरवून घ्यायचंय का?" मी विचारलं.

"नाही रे बाबा," ते म्हणाले, "हात रिकामेच आहेत."