पेढ्यांच्या बॉक्सवरचं ‘गिफ्ट’

गेल्या आठवड्यात आत्याच्या गावी गेले होते... आष्टी तालुक्यात, कडा गावाच्या थोडं अलीकडं. यंदा तिकडं पाऊस पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. प्यायला टँकर, जनावरांना विकतचा चारा... तरी बायकांची सहकारी डेअरी सुरू आहे, आणि आमची आत्या तिची चेअरमन!

डेअरी बघायला दोन परदेशी पाहुणे येणार होते. जर्मनीच्या उर्सुलाबाई आणि स्वीडनचा लार्स. दोघांशी इंग्रजीत बोलायला कुणीतरी हवं, म्हणून आत्यानं मला पुण्याहून बोलावून घेतलं.

पाहुण्यांसाठी बायकांनी पेढे केले होते. दूध एवढं आटलेलं असताना त्यातलं बाजूला काढणं सोपं नव्हतं... बॉक्स दुकानातून आणलेला, वर सोनेरी अक्षरांत इंग्रजीत ‘गिफ्ट’.

आत्यानं तो दोन्ही हातांनी पुढं केला. उर्सुलाबाईंनी वरचं वाचलं आणि त्यांना हसूच आवरेना. लार्सही हसायला लागला.

आत्याचा चेहरा पडला. “कावून हसायलेत गं? काही चुकलं का आमचं?”

मी विचारलं, तर कळलं, जर्मन भाषेत ‘गिफ्ट’ म्हणजे विष! आता हे कसं सांगायचं? पोटाला चिमटा काढून केलेले पेढे, आणि वर विष... वाटलं, काहीतरी गोड थाप मारावी. पण आत्या माझ्या तोंडाकडंच बघत होती. सांगून टाकलं.

“इख?” आत्या दचकली. “आन् ह्यो पोरगा कावून हसला?”

लार्स म्हणाला, स्वीडिशमध्ये विषालाही हाच शब्द आणि लग्न झालेल्या माणसालाही हाच. त्यावरून त्यांच्याकडं भरपूर विनोद चालतात म्हणे...

मग उर्सुलाबाईंनी नीट समजावलं. मूळ एकच, ‘देणं’. इंग्रजीत ती दिलेली भेट झाली. जर्मनमध्ये औषधाची दिलेली मात्रा, तिथून सरकत सरकत विष... हुंड्याला मात्र जर्मनमध्ये ‘मिटगिफ्ट’ म्हणतात, त्यात ‘देणं’ हा जुना अर्थ अजून टिकून आहे. आणि स्वीडिशमध्ये मुलगी लग्नात देतात, त्यावरून लग्न झालेली.

आत्यानं सगळं ऐकून घेतलं. “मग त्यात काय नवल हाय? आपण बी भेट देतो, इख देतो, आन् पोरगी बी देतोच की!”

बायका खळखळून हसल्या. मला वाटलं, संपलं. पण आत्या बोलतच राहिली.

“मला ह्या गावात दिलं तवा इख दिल्यावानीच वाटलं होतं. मी माजलगावकडची, कालव्याच्या पाण्यातली. हितं एका घागरीसाठी विहिरीत उतरायचं... लई रडले. पर आता कुणी माघारी न्यायला आलं, तर ह्या बायांला सोडून मी जायची न्हाई. एवढं सांग त्यांला.”

मी शब्दन्‌शब्द सांगितलं. उर्सुलाबाईंनी बॉक्स उघडला आणि पहिला पेढा आत्याला भरवला...

‘आत्याला तिकडं आष्टीकडं दिलीय’ हे मी लहानपणापासून ऐकत आले. तिला तेव्हा काय वाटलं असेल, हे विचारायचं मात्र मला कधी सुचलंच नाही. दोन परक्या माणसांच्या हसण्यामुळं ते कळलं... त्यांचे मनापासून आभार.