शेजारची जागा

मदतनीस बाईंना पोरं पाठीमागे ‘शेपूट’ म्हणायची, आणि त्यात पोरांचं फारसं चुकत नव्हतं. वर्गात एक मुलगी होती. तिचे हात आणि जीभ तिच्या मनासारखे चालत नसत. तिच्या मदतीला शाळेनं बाईंना नेमलं होतं. मुलगी जाईल तिथं बाई. मुलीच्या तोंडून एक शब्द कसाबसा बाहेर पडला, की उरलेलं वाक्य पुरं करून बाई मोकळ्या! बरं, वाक्य बरोबरच असायचं. बाईंना त्याचा कोण अभिमान.

लग्नाआधी बाई ज्या देशात शिकवत, तिथं अशा मुलांची शाळाच वेगळी, रस्त्यापलीकडे. इकडची पोरं तिकडच्यांना फाटकातून बघायची, बस्स. त्यामानानं इथली पद्धत बाईंना स्वर्गच वाटे. वर्ग एकच, आणि शेजारी हक्काचं माणूस.

मुलीच्या वडिलांचं चष्म्याचं दुकान होतं. ते एकदा म्हणाले, “बाई, घरी ही फक्त तुमच्याबद्दल सांगते. सहामाहीपर्यंत एक तरी मैत्रीण झाली नाही, तर वेगळ्या शाळेत घालतो. तिथं निदान सोबत मिळेल.”

पोरीला रस्त्यापलीकडे धाडायचं? बाईंनी नणंदेला फोन लावला. नणंदही शिक्षिका, पण तिसऱ्याच देशात. दोघींच्या गप्पा म्हणजे ‘आमच्याकडे’ आणि ‘तुमच्याकडे’ची कुस्ती.

“वहिनी, तू बसतेस कुठं?”

“कुठं म्हणजे? तिच्या शेजारी!”

“मग मैत्रीण काय तुझ्या मांडीवर बसणार? आमच्या शाळेत मदतनीस सगळ्या वर्गाची. ज्याचं अडेल त्याच्याकडे जायचं. आणि पोराचं वाक्य त्यालाच पुरं करू द्यायचं.”

“तुमच्याकडे सगळं सोन्याचंच!” बाईंनी फणकाऱ्यानं फोन ठेवला. पण मेली बोलली ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपली खुर्ची मागच्या भिंतीशी नेली. वर्गशिक्षकांनी मोकळ्या जागी वर्गातल्या सगळ्यांत बडबड्या पोरीला आणून बसवलं. तिच्या तोंडाला कुलूप लावणं आजवर कुणाला जमलं नव्हतं. ऐकून घेणारं माणूस मिळाल्यावर तर ती सुटलीच. मुलगी “मी...” म्हणून अडली, की ही आपलं पुराण पुढं रेटायची. मागे बाईंच्या जिवाची नुसती घालमेल. तोंडात रुमाल कोंबायचाच काय तो बाकी होता.

मग एके दिवशी मुलीनं बाकावर हात आपटला. “थांब! माझं... संपलं... नाही!”

बडबडीनं आ वासला. “बरं गं, बोल.” आणि ती चक्क थांबली.

“तू... फार... बोलतेस.”

सगळ्यांत मोठ्यानं हसली ती बडबडीच.

सहामाहीच्या शेवटच्या दिवशी वडील न्यायला आले. बाई सवयीनं मुलीच्या कोटाची बटणं लावायला वाकल्या.

“बाई... तुम्ही... जा. ती... लावेल.”

दुसऱ्या शब्दालाच बाईंना सगळं कळलं होतं. तरी वाक्य संपेपर्यंत त्या तशाच वाकून राहिल्या. मग बाजूला झाल्या. वाईट वाटलं, खोटं कशाला बोला? पण आनंद इतका झाला, की डोळे भरून आले. बडबडीनं चारातली तीन बटणं चुकीच्या काजात घातली, आणि दोघी तशाच अंगणात पळाल्या, एक भरभर, एक सावकाश.

“मग, त्या वेगळ्या शाळेचं काय ठरलं?” बाईंनी भीत भीत विचारलं.

“कसली शाळा?” वडील पायरीवर ऐसपैस बसले. “आता ही घरी कधी येते, तेवढं सांगा.”