मंगळावर धक्का मिळत नाही
मुरमाचा ट्रक रिकामा होताना तांबडा धुरळा नाकात गेला, की मला हुडकेश्वरचं ते मैदान आठवतं. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या वहिनीने बनवलेली सहाचाकी मंगळगाडी मुरमाचा ढीग कुणाचा हात न लागता चढली, तरच तिची राज्य प्रदर्शनासाठी निवड होणार होती. गाडी अर्ध्यावर रुतली. शेजारचे काकाजी बाह्या सरसावत धावले, "थांब वं, धक्का मारून देतो!" वहिनी कडाडली, "हात नका लावू काकाजी! मंगळावर कोण येईन धक्का माराले?" मी काकाजींना कमरेला मिठी मारून रोखलं, परीक्षक खो खो हसले. वहिनीने मात्र रिमोटवरून गाडी हळूहळू मागे घेतली, दुसऱ्या बाजूने वळवली आणि माथ्यावर चढवलीच. काकाजी माझ्या मिठीतच नाचले. कुणाचं काही अडलं, की धक्का मारायला आता माझेही हात शिवशिवतात. मी ते आधी खिशात घालतो.