रुमालाखालचा भाव

माझं आत्मचरित्र लिहायला मी खेडचे एक निवृत्त मास्तर ठरवले होते. नाव माझं, लेखणी त्यांची. पण चाकणच्या कांदाबाजारात एका अडत्यानं मला फसवलं, नेमकं तेच त्यांनी गाळलं.

मी येरझाऱ्या घालत ओरडलो, "मास्तर, पुस्तक काढतोय ते त्याच्यासाठीच!"

"शेठ, तुमचा भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. तो पाहिला कुणी? पुराव्याशिवाय कसं लिहू?"

मी त्यांचा हात ओढला, वर उपरणं टाकलं आणि अडत्यानं दाबली होती तशी त्यांची पाचही बोटं दाबली.

"किती झाले?"

"पाच रुपये."

"माल उतरल्यावर तो चार म्हणाला!"

मास्तर बोटं चोळत राहिले. "फार जोरात दाबलंत," म्हणाले आणि त्यांनी दौत पुढं ओढली.