शेजारणीची साखर

सुभद्रामावशी फोनमधल्या चॅटबॉटला काहीही विचारण्याआधी म्हणायच्या, "जेवला काय भाऊ?" मी जेवत नाही, असं तो अदबीने सांगायचा. मावशींना ते पटायचं नाही. "लाजते," म्हणायच्या.

दारव्ह्याला बदली झाली तेव्हा मी त्यांच्या शेजारची खोली घेतली. शाळा, आणि वरून रोज नवी ऑनलाइन माहिती भरायची; संध्याकाळी अंगात त्राण उरत नसे. दारापुढच्या ओट्यावर मावशींची फोनपाशी चौकशी सुरू असायची. सिलिंडर जास्त दिवस कसं पुरवावं, कांद्याला कोंब कसा येऊ देऊ नये, लाइटबिल कसं कमी यावं. हे सगळं स्वतःच्या नावाने. दुखण्याचं निघालं की मात्र, "आमच्या शेजारणीले साखर हाय भाऊ. तिनं जांभळाच्या बियांचं चूर्ण घेतलं तं चालते काय?"

शेजारीण म्हणजे मी. मला साखर नव्हती, मावशींना होती. "दुखनं आपल्या तोंडानं आपल्या नावावर लावू नाही मॅडम, घर करते थे," असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आईने आणि सासूनेही हेच पाळलं. दोघी कशाने गेल्या, हे घरात कोणालाच सांगता येत नाही.

भाऊ बिचारा नीट सांगायचा, शेजारणीने गोळ्या बंद करू नयेत. मावशी इमानदार, लगेच चहा घेऊन माझ्या दारात. "मॅडम, गोळ्या सोडू नका म्हनते थो." स्वतःच्या गोळ्या त्यांनी केव्हाच सोडल्या होत्या. परसातल्या जांभळाला पैसे पडत नाहीत. मी समजावलं, चिडले, शेवटी कंटाळले. दिवसभर पोरांना तेच तेच सांगून आल्यावर घरी पुन्हा तेच सांगायचं बळ माझ्यात नव्हतं.

उन्हाळ्यात नळावरून हंडा आणताना मावशींच्या अंगठ्याला ठेच लागली. "शेजारणीच्या अंगठ्याले लागलं, हळद लावली तं भरून येईन ना?" हळदीखाली जखम चिघळली आणि एके दिवशी अंगठा काळा दिसला. मी त्यांच्या हातून फोन ओढला आणि सांगून टाकलं, "शेजारीण कोणी नाही. यांचाच पाय आहे, अंगठा काळा पडलाय."

आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा, तो म्हणाला. पाय जाऊ शकतो, जीवही.

"कायले लावलं माह्या नावावर?" एवढं बोलून मावशींनी दार लावून घेतलं. दोन दिवस उघडलं नाही. मी हाका मारल्या, आतून फक्त "जा मॅडम" आलं. तिसऱ्या दिवशी हाकेला ओ आली नाही, तेव्हा गल्लीतल्या माणसांनी कडी तोडली. मावशी तापाने फणफणल्या होत्या. जीप करून यवतमाळला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "साखर आहे का?" मावशींनी माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले.

पाय वाचला, बोटं गेली.

एका दुपारी पट्टी बदलून झाल्यावर त्यांनी उशाखालून फोन काढला. आवाज खोल गेला होता.

"भाऊ, साखर मलेच हाय," त्या म्हणाल्या. "माह्या पायाची बोटं कापली. आता कमी पैशात चप्पल कशी जमंन, थे सांग."

भाऊ सांगू लागला. मी उठून व्हरांड्यात गेले आणि तिथे रडले.