माझ्या जीपचा मुका टर्बो

हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. मागच्या वेळी हे सांगताना आमच्या साडूच्या नाकातून चहा आला होता. माझी अब्रू तर गेलीच, वरून सोफ्याचं कव्हरही गेलं!

तर मंडळी, मी राहतो वर्ध्याला, नालवाडीत. नोकरी कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत, सुपरवायझरची. आणि वडनेरला आमचं थोडं शेत आहे. शेताच्या रस्त्याला रस्ता म्हणतात ते केवळ रीत म्हणून. काळी माती, मधे नाला, आणि नाला संपला की असा चढ की बैलसुद्धा आधी थांबून विचार करतो. त्यासाठी मी एक जुनी फोर-व्हील डिझेल जीप ठेवली आहे. चिखलात वाघीण! पण चढ आला की तिला धाप लागायची.

एकदा आमचा आर्वीचा मित्र देवराव सोबत होता. अर्ध्या चढावर जीप थांबली. देवराव शांतपणे खाली उतरला, तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "मधू, ही जीप हाय का गाभण म्हैस?"

आता सांगा, लागणार की नाही मनाला?

"टर्बो बसव," तो म्हणाला. "बाहेरून बसवून देतात मिस्त्री लोक. धुराच्या जोरावर पंखा फिरते, तो इंजिनात हवा कोंबते. मंग पाह्यजो तिचा रुबाब! आन एक ध्यानात ठेवजो. टर्बो बसला का इंजिन शिट्टी मारते. सुंईऽऽऽ! शिट्टी नाई वाजली, त समजून घे, मिस्त्रीनं तुले चुना लावला."

एवढं बोलून देवराव मुलीकडे पुण्याला निघून गेला. आणि त्याचं ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

आर्वी रोडला गजू मिस्त्रीचं गॅरेज आहे. गजूच्या तोंडात कायम खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचा तोबरा, त्यामुळे तो आभाळाकडे तोंड करून बोलतो. जीप काही दिवस त्याच्याकडे ठेवली. परत घ्यायला गेलो तर आभाळाकडे पाहत म्हणाला, "घ्या भाऊ. आता हे जीप नाई. रॉकेट हाय रॉकेट!"

मी निघालो. काच खाली केली. रेडिओ बंद केला. ॲक्सिलरेटर दाबला आणि श्वास रोखून ऐकू लागलो.

काही नाही!

इंजिनाची नेहमीची घरघर, बस. शिट्टी कुठे आहे? जीपचा जोर वाढला होता, खोटं कशाला बोलू. वडनेरचा चढ ती एका दमात चढली. पण माणसाच्या मनात एकदा संशय शिरला की त्याला चढही उतार वाटतो. मी म्हटलं, नुसता डिझेलचा पंप साफ केला तरी गाडीत एवढा जीव येतो. गजूनं तेवढंच केलं असणार!

दुसऱ्या दिवशी सरळ गॅरेजवर.

"गजू, टर्बो कुठं हाय?"

त्यानं बोनेट उघडलं. "हा काय! गोगलगायीवानी दिसून राह्यला तो."

"आतमधी काही हाय का, का रिकामा डबा बसवला?"

गजूचा खर्रा घशात अडकला. "काऊन भाऊ? काय झालं?"

"शिट्टी नाई वाजून राह्यली."

"नाई कशी? हे पाहा!" त्यानं जीप चालू केली आणि दणक्यात रेस केली. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जसं काही गाणं म्हणून दाखवलं आणि आता वाहवा हवी आहे.

मला काहीही ऐकू आलं नाही! तोंडावर इतकं सफाईदार खोटं बोलणारा माणूस मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. शेजारी पंक्चर काढणारा माणूससुद्धा मान हलवत होता. म्हटलं, सामील आहे हा पण!

"मले बह्याड समजतं का बे? शिट्टी पाहिजे म्हणजे पाहिजे. मोठी कर."

"अजून मोठी?" गजूनं आधी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊ, हवेची पेटी काढून उघडा फिल्टर लावता येते. पण लय बोंबलन बरं ते."

"बोंबलू दे! साऱ्या नालवाडीले ऐकू गेली पाहिजे!"

हे माझे शब्द. साक्षीदार पंक्चरवाला.

उघडा फिल्टर बसला. शिट्टी? नाहीच. आता तर माझी खात्रीच पटली. गजूनं एका डब्यावर दुसरा डबा बसवला होता.

आता जरा आमच्या कॉलनीत या. कोपऱ्यावरचं घर कांबळे मॅडमचं. निवृत्त मुख्याध्यापिका. करारी बाई! अर्धं वर्धा त्यांच्या हातचं शिकलं आणि उरलेलं अर्धं त्यांना घाबरतं. रोज सकाळी मी याच जीपनं कामावर निघतो तेव्हा त्या मोगऱ्याला पाणी घालत असतात. नेमका त्यांच्या फाटकासमोर स्पीड ब्रेकर आहे. मी गाडी हळू करतो, मान झुकवतो, छान हसतो, "नमस्कार मॅडम" म्हणतो, आणि ब्रेकर ओलांडला की ॲक्सिलरेटर दाबतो. वर्षानुवर्षांचा शिरस्ता.

पण टर्बो बसवल्यापासून बाईंचं काहीतरी बिनसलं. आधी त्यांनी नुसतं वर पाहिलं. मग झारी खाली ठेवून पाहू लागल्या. मग कमरेवर हात! मला वाटलं, धूर जात असेल तोंडावर. म्हणून मी जास्तच गोड हसू लागलो. जेवढं मी हसायचो, तेवढ्या त्यांच्या भुवया चढायच्या. पुढे पुढे तर व्हरांड्यात कांबळे सर पेपर घेऊन बसू लागले, आणि पेपराच्या वरून त्यांचे दोन डोळे माझ्यावर!

पानठेल्यावरही तेच. मी गेलो की गप्पा बंद. एक जण डोळा मारून म्हणाला, "काय मधूभाऊ, लय जोरात हाय आजकाल!"

मला काय वाटलं असेल? हेच, की गजूनं मला फसवल्याची बातमी गावभर झाली आणि लोक माझी मजा घेताहेत.

घरी शालू, म्हणजे आमची सौभाग्यवती, तीही बदलली. मी निघालो की फाटकात येऊन उभी राहायची. एकदा म्हणाली, "आजकाल तुमाले कामावर जाताना लय कडक इस्त्री लागते वो."

"नेहमीचीच तं हाय."

"कॉलनीतल्या बाया काय बोलून राह्यल्या, मालूम हाय?"

हिलाही कळलं! नवरा मिस्त्रीकडून गंडला हे बायकोला कळण्याइतकी नामुष्की दुसरी नाही. मी घाईघाईनं म्हटलं, "तू नको ध्यान देऊ. पुरुषाच्या हौसेच्या गोष्टी असतात, तुले नाई समजणार त्यातलं."

शालूनं हातातलं लाटणं ज्या पद्धतीनं खाली ठेवलं, त्यावरून मला संशय यायला हवा होता. पण माझा सगळा संशय गजूवर खर्च झाला होता!

मग भाजीबाजारात कांबळे सरांनी गाठलं. सर फार सौम्य माणूस. मेथीची जुडी छातीशी धरून म्हणाले, "मधुकरराव, जरा नाजूक बोलायचं होतं. ते शिट्टीचं."

माझे डोळे भरून आले हो! अखेर एक तरी माणूस भेटला सहानुभूती दाखवणारा.

"तुमाले बी समजलं काय सर?"

"मला? सगळ्या कॉलनीला समजलं आहे."

"काय सांगू सर, लय मनस्ताप होऊन राह्यला."

"मनस्ताप तुम्हाला होतोय?"

"मंग! रोज सकाळी जीव तोडून प्रयत्न करतो. तुमच्या घरासमोर तं खास करतो. तिथं गाडी हळू होते ना, चान्स चांगला असते. पण काहीच फायदा नाई!"

सरांच्या कपाळावर एक शीर उगवली. "मधुकरराव, या वयात हे शोभतं का?"

"हौसेले वय नसते सर. तुमी बी एकदा करून पाहा."

"मी?"

"हाव! मॅडम खुश होतील!"

मेथीची जुडी खाली पडली. मी उचलून दिली. म्हटलं, "सर, रविवारी मी याचा निकालच लावतो. त्या माणसाले घरीच बोलावलं हाय. तुमी या, मॅडमले बी आणा. चार प्रतिष्ठित माणसं समोर पाहिजेत."

"येतो," सर दात आवळून म्हणाले. "सगळेच येतो."

किती चांगले शेजारी, मला वाटलं!

रविवारी सकाळी आले सगळे. सर, मॅडम, कॉलनीतल्या दोन बाया, सोसायटीचे अध्यक्ष. मी अंगणात खुर्च्या मांडल्या. गजूही आला, आभाळाकडे पाहत. मी आत आवाज दिला, "शालू, चहा टाक!"

"चहा?" शालू दारात येऊन म्हणाली. त्या एका शब्दात इतकं विष होतं की चहात वेगळं टाकायची गरज नव्हती.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "मधुकरराव, माझ्या शाळेत शिट्टी वाजवायची कुणाची हिंमत नव्हती."

"तेच म्हणतो मॅडम! इथं बी वाजूनच नाई राह्यली!"

"काय वाजत नाही?"

"शिट्टी! या माणसानं मले फसवलं. गजू, कर चालू. होऊन जाऊ दे सगळ्यांसमोर!"

गजू रागानं लाल झाला होता. जीपमध्ये बसला आणि पाय असा दाबला की जीप जागच्या जागी थरथरली.

अध्यक्षांनी कानात बोटं घातली. दोन्ही बायांनी पदर कानावर ओढला. फाटकापाशी झोपलेलं कुत्रं उठून पळालं. आणि मी, मंडळी, मी मधोमध दोन्ही हात पसरून विजयी मुद्रेनं उभा!

"पाह्यलं? आलं काही ऐकू? मुका हाय टर्बो, मुका!"

गजूनं इंजिन बंद केलं.

मॅडमनी कानांवरचे हात सावकाश खाली घेतले. सगळ्यांनी आधी जीपकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग नीट सांगायचं तर माझ्या कानांकडे.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "ती शिट्टी या गाडीची होती?"

"कोणती शिट्टी?" मी विचारलं.

शालू पायरी उतरून खाली आली. गजूला म्हणाली, "भाऊ, पुन्हा करा बरं एकदा." त्यानं केलं. ती माझ्या डोळ्यांत पाहत होती. "अवो, काय ऐकू येते तुमाले?"

"इंजिन."

"अजून?"

"अजून कायले? इंजिनच येईन ना!"

शालूनं तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! म्हणून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत नाईत तुमाले! मले वाटे, हा माणूस मुद्दाम वरण जाळते!" आणि ती हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. किती दिवस ती काय घेऊन झोपत होती, ते मला तेव्हा कुठे उमगायला लागलं.

मग एकेक गोष्ट डोक्यात उलगडत गेली. मॅडमना रोज नमस्कार. गोड हसू. आणि लगेच मागून शिट्टी. भाजीबाजारात सरांना दिलेला सल्ला! मॅडम म्हणाल्या, "मला वाटलं, तुम्ही मला..." आणि पुढचं वाक्य त्यांच्यासारख्या बाईलाही पूर्ण करता आलं नाही. सर आमच्या पेरूच्या झाडाकडे अभ्यासू नजरेनं पाहू लागले.

गजूनं खर्रा थुंकला आणि प्रथमच सरळ माझ्याकडे पाहून बोलला. "भाऊ, शिट्टी त मी बसवून देल्ली. आता कान कुठून आणू?"

त्याचे हात धरून माफी मागितली. सरांची मागितली. मॅडमची मात्र शालूनं मागितली, मी तिच्यामागे उभा राहून. कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, जिनिंगच्या मशीनजवळ उभं राहून राहून माझ्या कानांना बारीक, उंच आवाज कधीपासूनच ऐकू येईनासे झाले आहेत. जाड आवाज येतात, म्हणून मला पत्ताच नव्हता. कानात मशीन बसवलं. गजूनं हवेची पेटी परत लावून दिली.

मशीन लावून पहिल्यांदा कामावर निघालो तो दिवस काय सांगू! पाखरं ऐकू येत होती. चपलांची करकर ऐकू येत होती. वाटलं, आता नव्यानं सभ्य आयुष्य सुरू करायचं. कोपऱ्यावर मॅडम मोगऱ्याला पाणी घालत होत्या. मी गाडी हळू केली. न हसता, अगदी गंभीरपणे मान झुकवली. ब्रेकर ओलांडला. ॲक्सिलरेटर दाबला.

आणि कानात घुसली एक लांबलचक, निर्लज्ज शिट्टी!

माझं डोकंच फिरलं. भरदिवसा? एका सज्जन बाईच्या दारात? मी करकचून ब्रेक मारला, खाली उडी टाकली, बाह्या सारल्या आणि रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडलो, "कोण बे तो? मॅडमसमोर शिट्टी मारतं? हिंमत असन त समोर ये!"

रस्ता रिकामा. चिटपाखरू नाही.

मॅडमनी झारी खाली ठेवली, चष्मा सरळ केला आणि म्हणाल्या,

"तुम्हीच, मधुकरराव."