लोळल्याशिवाय गादी जायची नाही

गल्लीत तिला तोंडावर आजी म्हणायचे आणि पाठ वळली की दाभण. तिला ते चांगलं ठाऊक होतं. जिचा जन्म गाद्या शिवण्यात गेला तिला दाभण म्हटलं तर रागवायचं कशाला, असं ती म्हणायची. रागवायला तिच्याकडे दुसऱ्या गोष्टी होत्या, आणि हल्ली त्यांत रोज भर पडत होती.

ताजी भर म्हणजे खुर्ची. मुलानं दुकानाला मोठी काच बसवली, आत लख्ख दिवे लावले आणि आईसाठी मऊ बुडाची, हात टेकायला दांड्या असलेली खुर्ची आणून मागच्या खोलीत खिडकीपाशी ठेवली.

"आई, फार केलंस आजवर. आता आराम कर."

"मी काय आजारी आहे?"

"आजारी नाहीस म्हणून तर म्हणतोय."

"मग आरामात माणूस करतं काय?"

मुलानं खुर्चीचं मऊ बूड थोपटलं. "बसतं," म्हणाला शेवटी.

तर ती बसली. आणि बसल्या जागी अशी धुमसत राहिली की सून तिच्यापुढे चहा ठेवायची ती लांबूनच, हात पुरेल तेवढा पुढे करून.

खुर्चीचं दुःख नव्हतंच खरं तर. दुःख होतं ते लोळण्याचं. त्या घरात एक रीत होती. कापूस भरून, टाके घालून गादी तयार झाली की घरातलं सगळ्यात मोठं माणूस तिच्यावर लोळायचं. या कडेपासून त्या कडेपर्यंत, आधी पाठीवर, मग पोटावर. त्याशिवाय गादी उंबऱ्याबाहेर जायची नाही. गादीची सुई असते वीतभर. ती कापसात हरवली तर डोळ्याला दिसत नाही, वरून हात फिरवला तरी लागत नाही. अख्ख्या अंगाचा भार पडला म्हणजेच ती डोकं वर काढते. आधी सासरा लोळायचा, मग सासू, मग ही. तरण्याताठ्यांनी का लोळायचं नाही, असं नवी नवरी असताना हिनं विचारलं होतं. सासरा म्हणाला, "आमचं कातडं आता चामडं झालंय, टोचली तर आम्हाला टोचू दे. आणि मग जिनं सुई हरवली तिला शिव्या द्यायला तोंडही मोठ्या माणसाचंच लागतं."

सुईची जागाही ठरलेली. एक तर हातात, नाहीतर दाराशी टांगलेल्या लाल उशीत. तिसरी जागा नाही.

काच बसली आणि मुलानं ही रीत बंद केली.

"लोक काचेतून बघतात, आई. नव्या कोऱ्या गादीवर म्हातारी लोळतेय म्हटल्यावर त्यांना वाटतं, वापरलेला माल खपवतायत."

म्हातारी हा शब्द ऐकून सुनेनं जीभ चावली. ज्यानं चावायला हवी होती त्यानं नाही चावली. "मी बघेन ना हात फिरवून," म्हणाला आणि गिऱ्हाइकाकडे वळला.

असे काही दिवस गेले. मग एका संध्याकाळी दुकान आवरताना सून लाल उशीपाशी थबकली. नवऱ्याला काही न बोलता ती मागच्या खोलीत आली.

"सासूबाई, मोठी सुई उशीत नाही."

खुर्ची रिकामी व्हायला क्षणही लागला नाही.

"आज कोणाची गादी गेली रे?"

"चष्मेवाल्याची. दुपारीच पोचवली," मुलगा म्हणाला. "सुई असेल इथंच कुठेतरी. सकाळी उजेडात बघू."

"गादी कोणासाठी होती?"

मुलाचा आवाज जरा खाली आला. "त्याच्या आईसाठी. ती अंथरुणाला खिळली आहे."

"म्हणजे जिला कूस बदलता येत नाही तिच्या पाठीखाली तू वीतभर सुई घालून आलास, आणि बघणार सकाळी."

"घालून आलो असं कुठं... थांब, मी फोन करतो."

"फोन लोळणार आहे का गादीवर?"

तिनं चपला पायात सरकवल्या आणि निघाली. मुलगा मागोमाग. वाटेत तो "आई, हळू," म्हणत होता आणि दर वेळी ती पाय आणखी भरभर उचलत होती.

चष्मेवाल्यानं दार उघडलं. सुईचं ऐकून त्याचा चेहरा उतरला. "तरीच. आई दुपारपासून कुरकुरतेय."

"मग तुम्ही काय केलंत?"

"आम्हाला वाटलं, नेहमीचंच असेल. वय झालंय आता."

आजीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं उगाचच चष्मा काढून पुसायला घेतला.

आतल्या खोलीत त्याची आई भिंतीला चिकटलेल्या पलंगावर कुशीवर पडली होती. अंगानं काडी, पण कान जागे. आजी चपला काढून सरळ पलंगावर चढली.

"सरका जरा."

"सरकता आलं असतं तर इथं कशाला पडले असते," ती म्हणाली. "तुम्ही कोण?"

"गादीवाली. गादीत सुई आहे का बघायला आलेय."

"बघा की. माझ्याकडे वेळच वेळ आहे."

दोघींच्या मुलांनी मिळून म्हातारीला एका कडेला घेतलं. आजी उरलेल्या अर्ध्या गादीवर लोळली, पाठीवर आणि पोटावर. मग तिला इकडे आणून तिकडे लोळली. खांदा दाबला, टाच दाबली, कोपर रोवलं. दोन्ही मुलगे भिंतीला टेकून उभे, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

सुई नव्हती.

आजी पडल्या पडल्याच म्हणाली, "बाई, मग कुरकुरताय कशाला?"

"मला भिंतीकडे तोंड करून ठेवलंय दुपारपासून. नवी गादी आली, पलंग फिरवला, आणि मला अशी लावून गेले. कोण येतं, कोण जातं, काही दिसत नाही."

"आई, सांगायचंस ना," चष्मेवाला म्हणाला.

"सांगतच होते. तुम्ही त्याला कुरकुर म्हणता."

पलंग फिरवला. तोंड दाराकडे आलं. आजी निघाली तशी म्हातारी म्हणाली, "उद्याही या लोळायला. सुई नसली तरी चालेल."

रस्त्यावर आल्यावर मुलाच्या जिवात जीव आला, आणि त्याबरोबर तोंडात बोलही. "बघ, नव्हतीच ना सुई. उगाच चारचौघांत शोभा."

"नव्हती हे तुला कधी कळलं?"

मुलगा पुढं बघून भरभर चालू लागला.

"मी लोळले तेव्हा कळलं. त्याआधी तुला काय माहीत होतं?"

घरी सून दारातच उभी होती. एका हातात सुई, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याला चिंधी. दुकान आणि मागची खोली यांच्यामधला पडदा सारायला गेली तर सुई पडद्यातच टोचली. दुपारी टाके घालताना फोन वाजला आणि मुलगा उठताना सुई पडद्यात खुपसून गेला होता.

म्हणजे गादीबद्दल आजीचं चुकलंच. पण सुई हरवणाऱ्याला शिव्या द्यायचा हक्क घरातल्या मोठ्या माणसाचा होता आणि तिनं तो पुरेपूर वापरला. पडद्यापासून सुरुवात केली, मग काच, दिवे, खुर्ची, आराम असं एकेक घेत म्हातारी या शब्दापाशी आली आणि तिथं बराच वेळ थांबली. मुलगा मान खाली घालून ऐकत होता. सून आत भांडी घासत होती, आणि नीट ऐकू यावं म्हणून न वाजवता घासत होती.

सकाळी दुकानात काचेमागे नवी गादी अंथरलेली होती. मुलगा मागच्या खोलीच्या दारात येऊन घुटमळला.

"आई, गादी झालीय."

"हात फिरवून बघ की."

"ये ना."

"लोक बघतील काचेतून."

"बघू देत."

आजीनं चहा संपवला. इतका सावकाश तिनं जन्मात कधी प्यायला नव्हता. मग दुकानात गेली आणि लख्ख दिव्यांखाली, रस्त्याच्या डोळ्यांदेखत, गादीवर आडवी झाली. बाहेर जाणारी एक बाई थांबून बघू लागली. आजीनं पडल्या जागेवरून तिला बघून घेतलं.

"डाव्या कोपऱ्यातला टाका ढिला आहे. उसव," ती मुलाला म्हणाली. "आणि ती खुर्ची चष्मेवाल्याच्या घरी नेऊन टाक."

"त्यांच्याकडे कशाला?"

"त्याच्या आईपाशी बसायला जायचंय मला. त्या पलंगावर आम्ही दोघी मावत नाही."